माय पटात आली तो दिवस

माझ्या मायनं चाळिशी उलटेस्तोवर एकही पट पाहिला नव्हता, पण पटाचा एकूण एक शब्द तिला पाठ होता. पट म्हणजे शंकरपट, आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. सांज झाली की आमच्या अंगणात बाबांची पटवाली मंडळी जमायची, बाजेवर दोघं, ओट्यावर चौघं, आणि मग चहा उकळेपर्यंत नि उकळल्यावरही एकच विषय. कोणाची जोडी कशी सुटली, कोणाचा धुरकरी छकड्यावर नीट बसला नाही, पट्टी मऊ होती की कडक. धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा, छकडा म्हणजे तो ज्यावर जेमतेम टेकतो ती हलकी दोन चाकांची गाडी, आणि पट्टी म्हणजे ढेकळं फोडून, पाटा फिरवून, पाणी मारून केलेली मातीची सरळ वाट. हे सगळं माय चुलीपुढे बसून ऐकायची. तिचे हात भाकरीवर असायचे आणि कान अंगणात.

ऐकून गप्प बसणाऱ्यांतली मात्र ती नव्हती. कोणी म्हणालं, "त्या रोजी पट्टी कडक होती म्हणून त्याईची जोडी पयली," की आतून आवाज यायचा, "कडक कायची? आदल्या रोजी दोन टाक्या पाणी मारलं होतं म्हणून तुमीच सांगत होते मांगच्या बुधवारी." मंडळी खो खो हसायची. एकजण नेहमी म्हणायचा, "वैनी, तुमी पंचच व्हा ना बाप्पा." बाबा हसायचे नाहीत, पण चहा पिताना मिशीत काहीतरी हलायचं. वैनी पंच व्हा म्हणणं सोपं होतं, कारण वैनी पटात येणारच नव्हत्या. बायका पटाच्या जागी जायच्या त्या दुकानांपर्यंत, बांगड्या भरायला नि जिलेबी घ्यायला. पट्टीजवळ गड्यांचंच राज्य होतं. आता माझी नात मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवते, त्यात पोरगीच छकड्यावर बसून जोडी हाकते आणि फळ्यावर लाल आकडे पळतात. मी तो व्हिडिओ चारदा पाहिला. मग चष्मा पुसून पाचव्यांदा पाहिला.

आमची जोडी म्हणजे चांद्या आणि वकील. चांद्या बाजारातून आणलेला, कपाळावर पांढरा चांद, दिसायला देखणा आणि डोक्यानं साधा. वकील घरचा. तो जन्मला आणि आठ दिवसांत त्याची गाय गेली. मायनं त्याला दुधात बोटं बुडवून चाटवून चाटवून जगवला. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तेव्हा म्हणायचा की माय आमच्याहून त्याच्याच जास्त मागे असते, आणि ते खरंच होतं. वासरू काही सांगितलं की आधी मान हलवून नाही म्हणायचं, पाण्याला नाही, दाव्याला नाही, उन्हातून सावलीत यायलाही नाही, म्हणून त्याचं नाव वकील पडलं. मोठा झाला तरी सवय गेली नाही. फक्त एका गोष्टीला त्यानं कधी मान हलवली नाही. संध्याकाळी माय कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, फाटकात उभी राहून लोखंडी घमेल्यावर गोट्यानं टण टण वाजवायची. त्या घमेल्यात भिजवलेली सरकी, थोडी ढेप म्हणजे पेंड, थोडी तुरीची चुरी आणि गुळाचा एक खडा. तो आवाज आला की वकील कुठंही असो, कान टवकारून निघायचा.

बाबा जोडीचा सराव घ्यायचे तोही त्याच वेळेला. नाल्याच्या काठापासून आमच्या कोठ्यापर्यंत पडीत जमिनीचा एक पट्टा होता. तो बाबांनी स्वतः वखरून, दगड वेचून तयार केलेला. दादा छकडा घेऊन नाल्याशी जायचा, बाबा गमछा हलवायचे, जोडी सुटायची आणि धुळीचा लोट उठवत कोठ्यापाशी यायची. वेळ मोजायचं काम माझं. मी तेव्हा दारव्ह्याला शाळेत जायची आणि धावण्यात तालुक्याला पहिली यायची, म्हणून खेळाच्या सरांनी सुटीपुरतं एक थांबघड्याळ माझ्या हवाली केलं होतं. त्याची काच तडकलेली होती, पण काटा ठीक चालायचा. जोडी मायच्या घमेल्यापाशी पोचली की मी बटण दाबायची आणि कॅलेंडरच्या पाठीवर आकडा लिहायची. रोज नऊ सेकंदांच्या आसपास. बाबा आकडा पाहून स्वतःशीच म्हणायचे, "यंदा आपली जोडी तालुका हलवते."

तालुका काही हलला नाही. त्या हंगामात पहिल्या पटात जोडीनं घरी नऊ सेकंदांत येणारं अंतर अकराला गाठलं, दुसऱ्यात त्याहून जास्त लावलं. बाबांना कारण सापडेना. आधी त्यांनी नजर लागली म्हणून शिंगांना काळा दोरा बांधला. मग जू बदललं. मग छकड्याचं चाक काढून पुन्हा बसवलं. मग सगळा राग दादावर आला, की तू कासरा लवकर ओढतो. आणि शेवटी बाबांनी तुतारी आणली, म्हणजे टोकाला टोचणारी आर बसवलेली काठी. आमच्या घरात ती कधी आली नव्हती. तिसऱ्या पटातून जोडी परत आली तेव्हा वकिलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे तीन ठिपके होते आणि वेळ तीच, अकरा.

मायनं ते ठिपके पाहिले, हळद लावली आणि आत येऊन ताटं वाढली. वांग्याची भाजी होती, भाकरी होती, सगळं होतं. बाबा पहिला घास घेणार तोच ती म्हणाली, "पुढच्या खेपी त्याले आर लावाची असंल तर पह्यले मले लावा." आवाज मोठा नव्हता. बाबांनी घास ताटात ठेवला आणि तेही तसेच हळू म्हणाले, "त्याच्यात कसच नाही वं. आर लावून तरी काय होते? पुढचा पट पाहतो. जमलं तर जमलं, नाही तर जोडी फोडतो. चांद्याले दुसरा जोडीदार पाहीन. हा जाईल दारव्ह्याच्या बाजारात." जोडी फोडणे हा आमच्या अंगणातला सगळ्यात वाईट शब्द होता, कोणी मेलं म्हणावं तसा तो उच्चारायचे. माय म्हणाली, "जनावर तुमचं हाये. पण म्या वाढवलं हाये त्याले." बाबांनी एका व्यापाऱ्याला निरोपही दिला, की पट झाला की ये. तो व्यापारी आगाऊच एक दिवस येऊन वकिलाचे दात पाहून गेला, आणि वकिलानं नेहमीप्रमाणे मान हलवली.

त्याच आठवड्यात झरी जामणीकडच्या तिच्या माहेरी लग्न निघालं आणि मायला चार दिवस जावं लागलं. जाताना तिनं मला घमेल्याचं सगळं समजावून दिलं, किती सरकी, किती ढेप, गूळ शेवटी. मी तसंच केलं. संध्याकाळी फाटकात उभी राहून टण टण वाजवलं, जोडी आली, मी बटण दाबलं, आणि घड्याळात अकरा. मला वाटलं माझंच चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा. तिसऱ्या दिवशी मी गूळ दोन खडे केला, तरी अकरा. बाबा म्हणाले, "आता घरीही पयत नाहीत. झालं, संपलं." मी कॅलेंडर उलटं करून मांडीवर घेतलं आणि आकड्यांकडे पाहत बसले. गणितात मी ढ होते, पण धावण्यातलं मला कळायचं. आपण धावतो ते कोणाकडे तरी बघून धावतो. मी स्वतः सरांच्या शिट्टीकडे बघून धावायची, सर रजेवर असले की माझे पायच उचलायचे नाहीत.

चौथ्या दिवशी सराव सुरू होता तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. माय उतरली, हातात पिशवी, डोक्यावर पदर. तिनं धूळ पाहिली, दादा नाल्याशी निघायच्या तयारीत पाहिला, पिशवी तिथंच रस्त्याच्या कडेला टाकली आणि माझ्या हातातून घमेलं घेऊन वाजवायला लागली. वकिलानं मान वर केली. मला आजही तो क्षण दिसतो. त्याची चाल एकदम लांबली, चांद्या त्याच्यामागे ओढला गेला, छकडा उडायला लागला, दादा ओरडत होता आणि हसत होता. मी बटण दाबलं. नऊला कमी. मी घड्याळ घेऊन बाबांकडे पळत गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. "बाबा, ते पट्टीवर पयत नाहीत. ते मायकडे पयतात. तुमीच शिकवलं त्याईले तसं, रोज कोठ्याकडे, रोज वैरणीच्या वेळी."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांना शिवी दिली. "बैल का बाईमाणसाले पाहून पयते काय? लोकं का म्हणतीन, घरच्या बाईले पट्टीवर उभी केली?" दादा माझ्या बाजूनं बोलायला गेला तर त्यालाही गप्प केलं. मी मायकडे पाहिलं. ती वकिलाच्या मानेखाली खाजवत होती, आणि तिनं काहीच ऐकलं नाही असं वाटलं.

पटाच्या दिवशी सकाळी आम्ही म्हाताऱ्या बैलांच्या गाडीत सामान भरलं, मागे छकडा बांधला, चांद्या आणि वकील दादानं धरले. बाबा फेटा बांधून बाहेर आले आणि थबकले. गाडीत माय बसली होती. मांडीवर घमेलं, घमेल्यावर फडक्यात बांधलेले रोडगे. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. पटाला गेलं की सगळ्या मंडळींचं जेवण तेच, सोबत वांग्याचा रस्सा. बाबा म्हणाले, "उतर." माय म्हणाली, "मी येतो." बाबा पुन्हा म्हणाले, "उतर म्हणतो ना." माय म्हणाली, "रोडगे माह्याजोळ हायेत. भुकेलं जा लागते का?" बाबांनी आजूबाजूला पाहिलं, शेजारची मंडळी बघतच होती. त्यांनी फेटा उगाच एकदा सैल करून पुन्हा बांधला आणि गाडीच्या पुढे चालायला लागले. दादानं माझ्याकडे बघून डोळा मारला.

पटाची जागा म्हणजे तुरी निघालेलं मोठं वावर. भोंगे, धूळ, भज्यांचा वास, हजारभर फेटे नि टोप्या, आणि मधोमध ती पट्टी, ओली, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी दोर बांधलेली. माय पट्टीच्या टोकाशी उभी राहिली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी म्हणाली, "एवढुशीच होय वं पट्टी? मले वाटे नदीपासून यवतमाळपर्यंत असंल." एवढं बोलून ती स्वतःच हसली. पण भोंग्यातून शब्द यायला लागले, "जोडी जुंपा, झेंडी तयार, सुटली", आणि मी पाहिलं, तिचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते. कोणती जोडी सुटतानाच अडखळली, कोणाचा धुरकरी मागे झुकला, सगळं ती पुटपुटत होती, आणि दर वेळी बरोबर. इतक्या वर्षांचं ऐकलेलं सगळं तिच्या डोळ्यांपुढे पळत होतं.

पट्टीच्या शेवटी दोन लाकडी बल्ल्यांना एक सुताचा दोरा ताणलेला असायचा. जोडीच्या छातीनं तो तुटला की पंचांचं घड्याळ थांबायचं. मी मायला त्या दोऱ्याच्या अलीकडे, पट्टीच्या कडेला उभं केलं आणि म्हटलं, "घरी राहतेस तशी राहजो, शेवटाला." इथं माझी चूक झाली, आणि ती माझ्याकडून व्हायला नको होती. खेळाचे सर आम्हाला घसा फोडून सांगायचे, की पोट्टेहो, दोरीपाशी थांबायचं नाही, दोरीच्या पलीकडे दहा पावलं धावायचं. मी ते रोज ऐकायची. पण घरी मी घड्याळ थांबवायची तेव्हा जोडीही थांबायची, घमेल्यात तोंड घालायला, हे मला त्या गडबडीत सुचलंच नाही.

आमचा नंबर आला. भोंग्यातून बाबांचं नाव, गावाचं नाव. लांब तिकडे वकील मान हलवताना दिसला, नाही, नाही, नाही. व्यापारी बाबांच्या शेजारीच येऊन उभा होता, काखेत छत्री. झेंडी पडली, जोडी सुटली, आणि अगदी सुरुवातीलाच मला दिसलं, अकराची चाल. माय घमेलं वाजवत होती, पण भोंग्यातला माणूस इतका बडबडत होता की मलाच ते ऐकू येत नव्हतं. मग मायनं जे केलं ते तिनं आयुष्यात केलं नव्हतं. परक्या गड्यांपुढे ती कधी मान वर करून बोलली नव्हती. ती भोंगेवाल्याच्या मंडपाकडे वळली आणि शेतात हाक मारतात तशा आवाजात म्हणाली, "ओ भाऊ, तोंड बंद ठेव एक घडी." आणि तो माणूस खरंच गप्प झाला. त्याच्याबरोबर सगळं वावर गप्प झालं. त्या शांततेत नुसतं टण, टण, टण.

वकिलानं मान वर केली. मी ओरडले की नाही मला आठवत नाही, दादा म्हणतो ओरडली. जोडी अशी आली की मातीचे गोळे लोकांच्या फेट्यांवर उडत होते, छकडा दोनदा एका चाकावर झाला, दादा वाकून पार बैलांच्या पाठीला टेकला होता. मायच्या हातात घमेलं, चेहरा सगळा उजळलेला. आणि दोरा वीस पावलांवर आला तेव्हा वकिलाची चाल लहान झाली. जेवायची जागा आली होती ना. तो मायपाशी थांबायला निघाला होता. मला सगळं एका क्षणात कळलं. मी काही बोलणार त्याआधी मायला कळलं होतं. तिनं लुगड्याचा काष्टा एका हातानं वर खेचला, घमेलं काखेत मारलं आणि पळायला लागली. पट्टीच्या मधोमध, दोऱ्याकडे, वाजवत वाजवत, पदर खांद्यावरून सुटलेला, मागे दोन बैल. "ये रे, वकील्या, ये रे." दोरा तिच्या छातीनं तुटला. ती तशीच पलीकडे गेली, नांगरलेल्या ढेकळांत दहा पावलं, पंधरा पावलं, आणि मग धप्पकन बसली. जोडी धरणारे गडी धावले तोवर वकिलानं घमेल्यात तोंड घातलं होतं.

वावरात असा गलका मी पुन्हा ऐकला नाही. लोक शिट्ट्या मारत होते, टोप्या उडवत होते. मी मायपर्यंत पोचले तेव्हा तिचा गुडघा सोलला होता आणि ती हसत होती, धापा टाकत, दातांत माती. मग पंचांनी एकमेकांशी बोलून घेतलं आणि भोंग्यातून सांगितलं, की दोरा बाईनं तोडला, जोडीनं नाही, सबब जोडी बाद. भोंगेवाला थोडं थांबून म्हणाला, "बाकी बाईची येळ चांगली आहे." सगळं वावर पुन्हा हसलं. मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, की निदान आपल्याकडे तरी आकडा आहे, बाबांना दाखवता येईल. काटा चालूच होता. रोज न चुकता दाबलेलं ते बटण त्या एका दिवशी मी दाबलं नव्हतं. मला इतकं रडू आलं की मी तिथंच ढेकळावर बसले.

व्यापारी छत्री टेकत आला आणि बाबांना म्हणाला, "मंग? घेऊन जाऊ?" बाबा मायकडे बघत होते. ती काष्टा खोचत होती, आणि वकिलाचं तोंड सारखं तिच्या पोटाशी जात होतं. बाबांनी खाली पडलेला गमछा उचलला, वकिलाच्या पुठ्ठ्यावर जिथं आरेचे डाग होते तिथली माती पुसली आणि म्हणाले, "जोडी फुटत नाही." व्यापारी म्हणाला, "बाद झाली ना पण." बाबा म्हणाले, "झाली असंल. तू जा." एवढंच. मग सगळ्यांनी वावरातच बसून रोडगे खाल्ले. बाबांनी पहिला रोडगा फोडून तूप घातलं आणि तो मायच्या पुढे ठेवला, हेही मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

वकील पुढे आमच्याच कोठ्यात म्हातारा झाला. पुढच्या हंगामापासून माय दोऱ्याच्या पलीकडे उभी राहायची आणि जोडी तालुक्यात पहिल्या पाचांत यायची, ते आकडे कॅलेंडरांच्या पाठीवर आहेत, नातीला हवे असतील तर तिनं येऊन बघावे. पण ती दर वेळी विचारते तो आकडा नाही. त्या दिवशी आमची जोडी किती सेकंदांत आली, हे कोणालाच माहीत नाही.

त्या संध्याकाळी मंडळी नेहमीसारखी अंगणात जमली. निम्मे पटात होते, निम्मे नव्हते, आणि जे नव्हते त्यांना सगळं ऐकायचं होतं. कशी सुटली, कुठं उचलली, पट्टी कशी होती. दादानं तोंड उघडलं तसं बाबांनी हात वर केला. मग ते चुलीकडे तोंड करून म्हणाले, "बाहेर ये वं. हे इचारून राह्यले." माय दारात आली, हाताला पीठ. बाबा बाजेवरून उठले आणि ती जागा तिला दाखवली. ती बसायला तयार नव्हती, मग टेकली, अगदी कडेला. बाबा आत गेले. चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी ओतल्याचा आवाज आला, मग साखरेचा डबा शोधताना भांडी पडल्याचा. मायनं पिठाचे हात लुगड्याला पुसले, गुडघ्यावर ठेवले आणि म्हणाली, "पट्टी मऊ होती. सकाळीच पाणी मारलं असंल. सुटताना चांद्यानं अंग चोरलं, ते दादाच्या ध्यानात नाही आलं, मले आलं."